स्कीअर्ग रिव्ह्यू : मशीन भारी आहे, पण शिकवणारा कोण ते आधी बघा

पुण्यात आता कुठल्याही बऱ्यापैकी जिममध्ये शिरा, एका कोपऱ्यात ते उंच मशीन उभं असतंच. वर गोल डब्यात बंद केलेला पंखा, खाली लोंबणाऱ्या दोन दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला मुठी, आणि कोणीतरी पोरगा दातओठ खाऊन त्या ओढतोय. याचं नाव स्कीअर्ग, कंपनी कॉन्सेप्ट टू, अमेरिकेतल्या व्हरमाँटची, ती रोइंग मशीनवाली तीच. मूळ हे बनवलंय बर्फावर काठ्या मारत लांब पल्ल्याचं स्कीइंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे बर्फ नसेल तेव्हाही त्यांना सराव करता यावा. आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्यात, तरी गेल्या दीडदोन वर्षांत हे मशीन इतकं का पसरलं, तर हायरॉक्स. मे २०२५ ला ती स्पर्धा मुंबईत झाली आणि पुण्यातले अर्धे आयटीवाले पेटले. एक किलोमीटर पळायचं, मग एक स्टेशन म्हणजे ठरलेला एक व्यायाम, परत पळायचं, असं आठ वेळा, आणि त्यातलं पहिलंच स्टेशन हे, स्कीअर्गवर १००० मीटर. आमच्या घरात पण नवरा आधी पेटला, मग मी, आता तो विझलाय आणि मशीन माझं झालंय.

तर आधीच सांगून टाकते, मशीनला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आणि पुण्यात ते ज्या पद्धतीने वापरलं जातं त्याला दोन, ते पण मन मोठं करून.

मी दोन गोष्टींबद्दल लिहितेय, एक म्हणजे हे मशीन घरी घेणं, आणि दुसरी कर्वेनगरातल्या एका छोट्या जिममधली स्कीअर्गची बॅच. जिमचं नाव लिहीत नाहीये, कारण त्या सरांनीच सांगितलंय की ताई जाहिरात नको, आधीच सकाळची बॅच भरलीय.

सरांना सगळे सुभेदार सर म्हणतात. सातारा साइडचे, फौजेतून रिटायर. गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्की शिकले, मग तिथेच बरीच वर्षं जवानांना शिकवलं, औलीला आणि गुलमर्गला नॅशनलला पण उतरलेत. ऑलिंपिकला वगैरे गेले नाहीत, ते स्वतःच सांगतात आणि त्यात काही खंत वगैरे पण दिसत नाही. तर अशा माणसाच्या हाताखाली सहाफुटी इंजिनियर लोक निमूटपणे गुडघे वाकवतात हे बघायलाच आधी मजा येते.

त्यांची पद्धत अशी. नवीन माणूस आला की त्याला मुठींना हात लावू देत नाहीत. आधी मशीनसमोर नुसतं उभं करायचं, दोन पायांत खांद्याएवढं अंतर, हात डोळ्यांच्या उंचीला, कोपरं वाकलेली, आणि मग म्हणतात, "आता पडा." पडा म्हणजे खरंच पुढे पडायचं, टाचा हलक्या, वजन पंजावर, पोट आत ओढून कमरेतून घडी, गुडघे थोडे वाकतात, आणि हात नुसते शरीरासोबत खाली येतात ते मांडीच्या बाजूने मागे जाईपर्यंत. हे दोरीशिवाय. लोकांना पहिल्यांदा फार वेडगळ वाटतं, आरशात बघून हसतात. मग कधीतरी ते मुठी देतात आणि पंखा पहिल्यांदा नीट घुमतो, तो आवाजच वेगळा असतो, लांब आणि भरलेला, नाहीतर बाकीच्यांचा येतो तुटक, फुस्स फुस्स.

माझ्या समोरचा किस्सा सांगते. एक दंड फुगवलेला मुलगा आला, आल्याआल्या बाजूचा खटका सरळ १० वर केला आणि सुरू. दोनतीनशे मीटरला त्याचे हात भरून आले, चेहरा लाल. सर शांतपणे गेले, खटका ४ वर आणला, त्याच्या पाठीवर दोन बोटं ठेवली आणि म्हणाले, "हातानं कशाला वडताय. अंग टाका की. हात नुसतं लटकू द्या." तो म्हणाला सर पण ४ वर एकदम हलकं लागतंय. सर म्हणाले, "मग जोरात मारा की, कोण नको म्हनलंय."

हा खटक्याचा घोळ पुण्यातल्या प्रत्येक जिममध्ये आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. त्याला डॅम्पर म्हणतात, १ ते १० आकडे. लोकांना वाटतं हे वजन आहे, १० म्हणजे जास्त मेहनत. तसं नाहीये, तो फक्त पंख्यात किती हवा शिरणार ते ठरवतो. जास्त हवा शिरली की पंखा दोन झटक्यांच्या मध्ये लवकर मंदावतो, मग प्रत्येक वेळी जड सुरुवात. कमी ठेवलं तर पंखा फिरत राहतो आणि तुम्हाला चपळाईने पकडावा लागतो. मेहनत किती करायची ते तुम्ही किती जोरात मारता त्यावर. आणि तोच आकडा प्रत्येक मशीनवर सारखा लागतोच असंही नाही, मॉनिटरच्या मेनूत ड्रॅग फॅक्टर म्हणून एक आकडा आहे, पंख्याला हवेचा अडथळा प्रत्यक्षात किती होतोय ते सांगणारा, तो बघायचा, तो खरा. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, मुंबईच्या मानाने हवा किंचित विरळ, त्यामुळे मुंबईच्या जिममधला ५ आणि इथला ५ तंतोतंत एक नाही. सर म्हणतात गुलमर्गला हे मशीन ठेवलं तर अजून हलकं लागेल आणि तुमचा जीव मात्र अजून जाईल.

मॉनिटर पीएम फाइव्ह, साधा, काळापांढरा, काही चमकधमक नाही, पण आकडे प्रामाणिक. वेग दाखवतो ५०० मीटरला किती मिनिटं असा. इथे एक मजा आहे जी कोणी सांगत नाही. २:३० चा वेग म्हणजे साधारण १०४ वॉट, आणि २:०० चा वेग म्हणजे साधारण २०३. म्हणजे अर्धा मिनिट कमी करायला ताकद जवळजवळ दुप्पट लागते, हवेचा हिशोबच तसा असतो, वेगाच्या घनात. त्यामुळे शेजारचा १:५५ ला चाललाय म्हणून आपण पण जरा खेचू, असं केलं की १००० मीटरमधले शेवटचे ३०० मीटर यमलोक. आणि हायरॉक्समध्ये त्यानंतर अजून सात किलोमीटर पळायचं असतं, हे त्या पोरांना कोणीतरी सांगा.

आता सगळा जोर हातात नसून पाय आणि पोटात आहे हे फक्त सरांचं म्हणणं नाहीये. स्वीडनमध्ये एस्टरसुंडला विद्यापीठाचं हिवाळी खेळांचं मोठं संशोधन केंद्र आहे, तिथल्या हान्स-क्रिस्टर होल्मबर्ग यांच्या टीमने २००६ ला एक प्रयोग छापला होता, एकदम वरच्या दर्जाच्या स्कीअर्सचे गुडघे आणि घोटे बांधून टाकले आणि नुसत्या काठ्या मारायला लावल्या, वेग आणि दम दोन्ही खाली आले. म्हणजे दिसतो हातांचा व्यायाम, पण पाय बांधले की हातही गळतात. मी हे सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यासाठी परयोग कशाला पायजे."

स्वीडनचा विषय आलाच आहे तर तिथे जरा थांबते, कारण या बॅचमुळे मी त्यात बुडाले ती अजून वर आलेली नाही. सरांच्या तोंडी सारखं काल्लाचं नाव. शार्लोट काल्ला, स्वीडनची स्कीअर. २०१४ सोची ऑलिंपिक, बायकांची चार गुणिले पाच किलोमीटर रिले, काल्ला शेवटच्या टप्प्याला निघाली तेव्हा पुढच्यांच्या २५ सेकंदांच्या आसपास मागे होती. शर्यत संपल्यात जमा. आणि ती बाई हळूहळू फिनलंडला आणि जर्मनीला गाठते आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघींना मागे टाकते. स्वीडनच्या बायकांना रिलेचं सोनं १९६० नंतर पहिल्यांदा. सर तो व्हिडिओ मोबाइलवर लावतात आणि शेवटच्या दोनशे मीटरला थांबवून म्हणतात, हात बघू नका, कंबर बघा. दमलेली असताना पण तिची घडी तशीच्या तशी.

त्या काल्लाचा कोच कोण म्हणून मी शोधायला लागले तर सापडला मॅग्नुस इंगेसन. हा स्वतः स्वीडनचा स्कीअर, पण त्याच्या काळातली गाजलेली नावं दुसरीच. पदक म्हणून त्याचं आठवावं असं म्हणजे २००१ ला फिनलंडमधल्या लाहतीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधलं रिलेचं रौप्य, आणि त्याची पण कथा अशी की शर्यत संपली तेव्हा फिनलंड पहिलं, नॉर्वे दुसरं, स्वीडन तिसरं. मग फिनलंडचे खेळाडू आपल्याच घरच्या मैदानावर डोपिंगमध्ये सापडले, रक्तातला द्रव वाढवणारं औषध, ते बाद झाले आणि स्वीडनच्या ब्राँझचं रौप्य झालं. केवढं विचित्र वाटत असेल, पोडियमवर एका रंगाचं घ्यायचं आणि नंतर कळायचं की आपला रंग दुसराच होता. त्या टीममध्ये त्याच्यासोबत पेर एलोफसन होता, २००१ आणि २००२ लागोपाठ वर्ल्ड कप जिंकलेला, त्या पिढीतला स्टार. आता गंमत बघा, स्टार एलोफसन पुढे टीव्हीवर समालोचन करायला लागला. त्याच्याआधीचा त्याहून मोठा गुंदे स्वान, चार ऑलिंपिक सुवर्णं, पाच वर्ल्ड कप, तो रिटायर होऊन टीव्हीवर गेम शो करायला लागला आणि रॅलीक्रॉसच्या गाड्या पळवायला लागला. आणि ज्याचं नाव पोस्टरवर नव्हतं तो इंगेसन कोच झाला.

मला यात अजिबात योगायोग वाटत नाही. ज्याला देवाने फुकट दिलंय त्याला ते कसं जमतं हे सांगता येत नाही, तो म्हणतो असं करा, झालं. ज्याने दहाव्या-बाराव्या नंबरवरून वर यायला एकेक सेकंद खरवडून काढलाय त्याला माहीत असतं कोपर कुठे अडकतं. आमच्या सरांचं तेच आहे. आणि पुण्यात आपण कोच कसा निवडतो, तर इन्स्टावर त्याचे पोटाचे स्नायू किती आणि गळ्यात मेडलं किती. जिमच्या बाहेर बोर्डच असतो, आमच्या कोचने अमुक इतक्या मिनिटांत हायरॉक्स संपवली. अहो त्याने संपवली, तुमचं काय?

आणि या स्वीडिश लोकांचं वेड वेगळंच आहे. वासालोपेत म्हणून शर्यत आहे, सेलेनपासून मोरापर्यंत ९० किलोमीटर, १९२२ पासून चालू, दर मार्चच्या पहिल्या रविवारी, वाटेत ब्लूबेरीचं गरम सूप देतात. योर्गन ब्रिंक नावाचा एक जण आहे, २००३ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला स्वीडनचा रिलेचा शेवटचा टप्पा त्याच्याकडे होता, टीम पुढे, आणि याचे पाय मधेच संपले, नॉर्वे आणि जर्मनी निघून गेले, हा कसाबसा ब्राँझ घेऊन आला. अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच ब्रिंकने पुढे २०१०, २०११, २०१२ लागोपाठ तीन वेळा वासालोपेत मारली. आता तर तिथले पुढचे लोक ९० च्या ९० किलोमीटर नुसत्या दोन्ही काठ्या एकदम मारत जातात, पायाने ढकलणं जवळजवळ नाहीच, म्हणजे स्कीअर्गवर आपण जी हालचाल करतो तीच, तीन-साडेतीन तासांच्या वर. मी एक किलोमीटर करते आणि घरच्यांना चहा टाकायला सांगते.

अजून एक. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकला स्वीडनचा थॉमस वासबर्ग १५ किलोमीटरमध्ये फिनलंडच्या युहा मिएतोपेक्षा एक शतांश सेकंदाने जिंकला. ४१:५७.६३ आणि ४१:५७.६४. नंतर त्यांनी या खेळात शतांश मोजणंच बंद केलं. सरांच्या बॅचमध्ये कोणी मॉनिटरवरच्या दशांशावरून भांडायला लागलं की ते हीच गोष्ट सांगतात.

बरं, आता घरी मशीन घेण्याबद्दल, कारण रिव्ह्यू त्यासाठी वाचत असाल.

किंमत लाखाच्या वर जाते, मॉनिटर त्यात येतो, पण जमिनीवर उभं करायचा स्टँड वेगळा घ्यावा लागतो हे नीट वाचा. उंची २१६ सेंटीमीटर, म्हणजे सात फुटाच्या थोडं वर. फ्लॅटचं छत पुरतं, पण माळ्याखाली ठेवायचा विचार असेल तर विसरा, आणि सीलिंग फॅनपासून लांब, कारण सुरुवातीला हात वर जातात. भिंतीवर लावायचं असेल तर भिंत कसली आहे ते आधी बघा. नवीन बिल्डिंगांमध्ये त्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यात बोल्ट मारला की काही दिवसांत भोक मोठं होतं. आमच्याकडे सुताराने ठोकून बघितलं, भिंतीकडे असं तोंड करून बघितलं आणि म्हणाला, मॅडम हे भिंतीसकट खाली येईल. मग आरसीसी कॉलमवर जाड प्लाय आणि त्यावर मशीन, असा जुगाड झाला. ड्रिलसाठी सोसायटीच्या ग्रुपवर आधी कळवा, दुपारी दोन ते चार अजिबात नाही, हे पुण्यात सांगायला नको.

ज्या डीलरकडून घेतलं त्याचं नाव घेत नाही, पण डिलिव्हरीचा अनुभव एकदम रद्दी. खोका खाली पार्किंगमध्ये टाकून पोरं निघून गेली, इन्स्टॉलेशन फ्री म्हणालेले, फोन केला तर म्हणे यूट्यूबवर व्हिडिओ आहे. आहे खरा, आणि जोडणं अवघड पण नाही, पण मग फ्री कशाला म्हणता.

आवाज. मोटर नाही, विजेचं कनेक्शन नाही, मॉनिटरला दोन मोठे सेल लागतात, जुन्या टॉर्चमध्ये घालायचो ते जाडे. पण पंख्याचा आवाज आहे, घोंघावल्यासारखा, आणि कॉलमला लावल्यामुळे तो खाली उतरतो. खालच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "अगं, घरघंटी घेतलीत का? सकाळी सहाला दळता?" मी त्यांना वर नेऊन दाखवलं. आता त्या पण कधीकधी येऊन डॅम्पर १ वर ठेवून खांदे मोकळे करून जातात, आणि फ्रोझन शोल्डरला बरं वाटतं म्हणतात, डॉक्टरला विचारून करा काकू असं मी दरवेळी सांगते.

मेन्टेनन्स जवळजवळ नाही. धूळ मात्र बघा. आमच्या बाजूला दोन बिल्डिंगांचं काम चालू आहे, जाळीच्या आत सिमेंटची बारीक पूड बसते, हवा कमी शिरते आणि ड्रॅग फॅक्टर गुपचूप खाली येतो, डॅम्परचा आकडा तोच दिसतो. मी दिवाळीच्या साफसफाईत व्हॅक्यूम मारला तर आकडा चांगला वर आला. मुठी साध्या आहेत, घामाने चिकट होतात, ओल्या फडक्याने पुसल्या की झालं. अर्धा स्टार मी कापलाय तो मुठींचाच, इतक्या पैशात जरा बरी पकड देता आली असती, लहान हातांना तर त्या जाडच पडतात.

पाठीचं दुखणं असेल तर आधी विचारून मगच, कारण कमरेची घडी चुकीची पडली तर हेच मशीन पाठ धरतं. गुडघ्यामुळे पळणं बंद झालेल्यांना मात्र मी डोळे झाकून सांगेन, दम लागतो भरपूर आणि गुडघ्यावर आदळआपट शून्य. खुर्चीत बसून पण करता येतं, आमच्या बॅचमध्ये एक आजोबा तसंच करतात आणि सगळ्यात नियमित तेच येतात.

बॅचबद्दल शेवटचं. फी जिमच्या फीशिवाय वेगळी घेतात, सुरुवातीला मला जास्त वाटली होती, आता वाटत नाही. सकाळची बॅच भरलेली असते, संध्याकाळी जागा मिळते, पण संध्याकाळी कर्वे रोडला तुम्ही वेळेवर पोचाल का हा तुमचा प्रश्न, सर उशीर झालेल्याला आत घेत नाहीत, फौजी माणूस. मशीन दोनच आहेत, त्यामुळे आळीपाळीने, पण दुसऱ्याचं बघण्यातच निम्मं शिकणं होतं.

आणि जुनं घेणार असाल, हायरॉक्सचा ताप उतरलेल्यांची मशीनं सोसायटीच्या ग्रुपवर यायला लागलीयत, तर घेण्याआधी मेनूत जाऊन ड्रॅग फॅक्टर बघा, डॅम्पर १ ते १० करताना तो चढतोय का ते बघा, मग दोन्ही दोऱ्या पूर्ण खाली ओढून हळूहळू वर जाऊ द्या. एक दोरी रेंगाळत असेल किंवा पिळलेली दिसत असेल तर पैसे कमी करून मागा, आणि खाली नेऊन टेम्पोत चढवायची जबाबदारी त्यांच्यावर टाका.